इंजिन ओरडतंय, बोट हलत नाही

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जेट बोटीच्या पंपाचे झिजलेले भाग कधी बदलावेत?’ मगाशी दारातच एका गृहस्थांनी विचारलं, “सांगलीत जेट बोट कुठं असते हो?” प्रश्न रास्त आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की आपल्याला बोट आठवते आणि खाली उतरलं की आपण विसरतो. (हशा) २०१९ साली ते ५७ फुटांवर गेलं तेव्हा या सभागृहातल्या निम्म्या मंडळींनी बोटीवरच पीएच.डी. केली होती.

पण पंपावर बोलताना मी जरा घाबरतोच. औंध संस्थानातल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून या जिल्ह्यात प्रत्येक घरात एक तरी पंपातला जाणकार आहे. तुम्हाला पंप समजावून सांगायचा म्हणजे तासगावात जाऊन द्राक्षाची चव सांगायची. आणि जेट बोट म्हणजे दुसरं काय? पंपच. तळाच्या जाळीतून पाणी ओढायचं, मागं नोझलमधून जोरात फेकायचं, बोट पुढं पळते. उसाला पाणी पाजणारा आणि बोट पळवणारा, दोघं एकाच भावकीतले.

ही एक रिंग आणलीय, पुढच्या रांगेत फिरवा. आतून हाताचं बोट फिरवून बघा. नंतर सांगतो.

माझं दुखणं असं की गॅरेजात येणारा प्रत्येक जण विचारतो, “किती तासांनी बदलायचं?” जणू दुधाची पिशवी आहे, तारीख बघून टाकून द्यायची. दुसरा वर्ग त्याहून थोर. तुटल्याशिवाय झिजलं असं तो मानतच नाही.

आमच्या आबांचं सांगतो. नदीकाठी पाच एचपीचा पंप, वर दीड एकर ऊस. सकाळी सांगली आकाशवाणीवर प्रादेशिक बातम्या लागल्या की आबा दारं धरायला उभे. रेडिओ बांधावर, खोरं हातात. बातम्या संपायच्या आत पहिली सरी टोकापर्यंत भरायची. हे त्यांचं घड्याळ. एका वर्षी बातम्या संपल्या, जाहिराती झाल्या, गाणं लागलं, तरी पाणी आपलं निम्म्या सरीत. फिटरला बोलावलं. त्यानं मोटरला कान लावला, डॉक्टरसारखी मान हलवली. “आवाज एकदम ओके.” तरीपण बेअरिंग बदलली. मग ग्लँडदोरी नवी. मग फुटव्हॉल्व्ह. पैसे गेले, सरी काय भरेना.

आबा संध्याकाळी पंपाजवळ बसून म्हणाले, “मोटर बरी हाय. पाणी दमलंय.” घरी सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः केसिंग खोललं. मी नववीत, बॅटरी धरायला. इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, दिसायला छान, एक पातं मोडलेलं नाही. आबांनी माझा अंगठा धरला आणि इम्पेलरचा गळा नि त्याभोवतीची वेअर रिंग यांच्यामधल्या फटीत नख घालायला लावलं. सरळ आत गेलं! म्हणजे काय होत होतं, की दाबानं वर जायचं पाणी त्या फटीतून परत तोंडाशी येत होतं. पंप स्वतःचंच पाणी स्वतः पीत होता. पावसाळ्यात गढूळ पाणी उपसलं होतं, त्यातल्या बारीक वाळूनं रिंग खाल्लेली. नवी रिंग बसली आणि दुसऱ्या दिवशी बातम्या संपायच्या आत सरी भरली.

हल्ली हे घड्याळ चालत नाही, कारण लाईट येते रात्री, आणि रात्री दोनला बातम्या नसतात, बिबट्या असतो. (हशा) असो.

मुद्दा असा, की फिटर मोटर ऐकत होता आणि आबा पाणी मोजत होते. माझं आजचं व्याख्यान एवढंच आहे, बाकी तपशील.

तपशिलाआधी एक आवडती गोष्ट मात्र सांगू द्या. ही जेट बोट मूळची न्यूझीलंडची. तिथं बिल हॅमिल्टन नावाचा मेंढपाळ-इंजिनिअर होता. तिथल्या नद्या उथळ, गोट्यांच्या. साध्या बोटीचा पंखा खाली लोंबला की मोडलाच. म्हणून त्यानं १९५०च्या दशकात पंखाच बोटीच्या पोटात घेतला. १९६० साली या बोटी कोलोरॅडो नदीच्या घळीतून प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. आणि १९७७ साली एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी असल्याच बोटी घेऊन गंगासागराहून निघाले, ते थेट नंदप्रयागजवळच्या धबधब्यानं अडवेपर्यंत. त्या वेळी मी...

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत. बरं, हिलरींना तिथंच थांबवू.

भरभर सांगतो. जेट बोटीतही तेच नातं असतं. इम्पेलर फिरतो, त्याच्याभोवती रिंग. पात्याचं टोक आणि रिंग यांत केसभर फट. ती वाढली की पाणी टोकावरून मागं निसटतं. इंजिनाला भार कमी लागतो, म्हणून ते खुशीत ओरडतं. आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, वर, वेग खाली. जागेवरून उठायला बोट कुरकुरते. इंजिनच दमलं असेल तर दोन्ही खाली येतात. हा फरक लक्षात ठेवलात तर निम्मा खर्च वाचला. म्हणून बोट नवी असतानाच, शांत पाण्यात, ठरलेली माणसं बसवून, पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम नि किती वेग, हे वहीत लिहा. ती तुमची सरी.

आकडे बिघडले की आधी जाळी बघा. हे मी हात पोळून शिकलोय. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर बामणोलीकडं एका बोटीला मी नवा इम्पेलर मागवून बसलो होतो. खोललं तर शाफ्टला खताच्या पोत्याची सुतळी गुंडाळलेली! मालक आजही मला सुतळीवाले म्हणतात.

जाळी साफ असेल तर फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. प्रत्येक पात्याच्या टोकाशी, रिंगच्या चार बाजूंना. मी हाताळलेल्या स्कूटरवजा बोटींच्या पुस्तिकेत ०.६ मिलिमीटर ही हद्द होती. तुमच्या बोटीची हद्द तुमच्या पुस्तिकेतच बघा, माझ्यावर जाऊ नका. फट चारी बाजूंना सारखी वाढली असेल तर वाळूची झीज. एकीकडं जास्त नि एकीकडं टेकत असेल तर रिंग बदलून उपयोग नाही, आधी बेअरिंग नि शाफ्ट बघा. पुष्कळदा रिंग बदलूनच भागतं, इम्पेलर नाही. पात्याच्या धारेवर बारीक खाचा असतील तर कानशीनं नीट होतात. धार मुडपली किंवा चीर दिसली तर मात्र कानशीचा मोह नको. पंपाच्या बेअरिंगचं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलं, बोट त्याच दिवशी बाहेर काढा.

आणि झीज होते कधी? मे महिन्यात. महाबळेश्वरला गर्दी, धरण उतरलेलं, काठाला चिखल नि खडी. पर्यटक चढले की चालक काठावरच इंजिन मारतो आणि पंप खडी ओढतो. कमरेएवढ्या पाण्यात बोट ढकलून मग स्टार्टर मारला तर...

हो हो, थांबतो. ती रिंग कुठपर्यंत पोचली? आतला खोलगट पट्टा लागला ना बोटाला? तिथं पाती फिरायची. परत द्या तेवढी. मागच्या व्याख्यानात फिरवलेला फीलर गेज अजून आलेला नाही.