अन्नी: तुरुंगातून खुर्चीवर, खुर्चीवरून तुरुंगात

मालदीवमध्ये १९७८ ते २००८, तब्बल ३० वर्षं एकच माणूस राष्ट्राध्यक्ष होता, मौमून अब्दुल गयूम. मतदान व्हायचं हो, पण नाव एकच, आपण फक्त हो की नाही सांगायचं!

अशा देशात मोहम्मद नशीद, लोक त्याला अन्नी म्हणतात, नव्वदच्या सुमारास 'संगू' नावाच्या मासिकात सरकारविरुद्ध लिहायला लागला आणि लगेच आत गेला. मग सुटका, परत अटक, असं किती वेळा झालं मोजायलाच नको. २००३ मध्ये माफुशी तुरुंगात इव्हान नसीम हा कैदी मारहाणीत मेला, राजधानी माले पेटलं, आणि देश सोडून कोलंबोत गेलेल्या नशीदने तिथूनच एमडीपी (मालदीवियन डेमोक्रॅटिक पार्टी) हा पक्ष काढला.

२००८, पहिली बहुपक्षीय निवडणूक. पहिल्या फेरीत गयूम ४० टक्के आणि नशीद २५च्या आसपास, म्हणजे खेळ खल्लास वाटलेला, पण बाकीचे विरोधक याच्या मागे आले आणि दुसऱ्या फेरीत ५४ टक्के घेऊन गडी जिंकला.

१७ ऑक्टोबर २००९ चा तो फोटो तर जगभर गाजला, गिरिफुशी बेटाजवळ समुद्राखाली टेबलं मांडून, पाठीवर सिलिंडर लावून मंत्रिमंडळाची बैठक, कारण समुद्र वाढला तर हा देशच बुडणार. स्टंट होता का? होताच, पण त्याशिवाय एवढ्याशा देशाकडे बघितलं कोणी असतं?

बाहेर हिरो, घरी मात्र संसदेत बहुमत नाही आणि कोर्टात जज सगळे जुन्याच राजवटीतले. इथे नशीद चुकला असं मला वाटतं. जानेवारी २०१२ मध्ये त्याने क्रिमिनल कोर्टाचे मुख्य जज अब्दुल्ला मोहम्मद यांना सैन्य पाठवून उचललं, म्हणजे ज्या माणसाचं अर्धं तारुण्य मनमानी अटकेत गेलं त्यानेच हे करावं! रोज मोर्चे, मग पोलीसच उलटले, आणि ७ फेब्रुवारीला टीव्हीवर राजीनामा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, बंदुकीच्या धाकावर घेतला. चौकशी आयोग म्हणाला, कट वगैरे काही नव्हता. लोक अजून यावर भांडतात.

२०१३ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत गयूमच्या सावत्र भावाकडून, अब्दुल्ला यामीनकडून, थोडक्यात हरला. २०१५ मध्ये त्याच जजच्या अटकेसाठी दहशतवादाच्या कायद्याखाली १३ वर्षं! उपचारांसाठी म्हणून ब्रिटनला गेला तो तिथेच आश्रय घेऊन राहिला.

२०१८ मध्ये लहानपणीचा मित्र इब्राहिम सोलिह राष्ट्राध्यक्ष झाला, नशीद परतला, पुढच्या वर्षी संसदेचा स्पीकर झाला. मे २०२१ मध्ये मालेत घराजवळच बॉम्बस्फोट, जीव वाचला, पुढचे उपचार जर्मनीत.

आणि मग दोघं मित्रच भांडले. २०२३ ला पक्षाच्या उमेदवारीसाठी नशीद सोलिहकडून हरला, स्वतः काढलेली एमडीपी सोडून आपल्याच समर्थकांनी काढलेल्या डेमोक्रॅट्स या नव्या पक्षात गेला, मतं फुटली, राष्ट्राध्यक्ष झाले विरोधी पक्षाचे मोहम्मद मुइझ्झू. २०२४ च्या संसद निवडणुकीत या नव्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.