घाम वाळू द्या

(रत्नागिरीतल्या एका वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पंखे चालू राहू देत. आवाज होतोय, पण विषयाला धरूनच आहे तो.

टेबलावर दोन तापमापक ठेवलेत. एक नुसता. दुसऱ्याच्या फुग्यावर जुन्या धोतराचा ओला तुकडा गुंडाळलाय आणि त्याचं टोक वाटीतल्या पाण्यात सोडलंय. मघाशी पुढच्या रांगेतल्या मुलीने आकडे वाचले: कोरडा ३४, ओला २८. कपड्यातलं पाणी वाळतं, वाळताना उष्णता घेऊन जातं, म्हणून दुसरा सहा अंशांनी खाली. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी चंद्रपुरात हाच प्रयोग केलात, तर कोरडा ४४ दाखवेल आणि ओला २३-२४. वीस अंशांचा फरक! तिकडच्या पाहुण्याला आपल्या ३४चं हसू येतं ते त्यामुळेच. दोन दिवसांनी तोच बनियन पिळत विचारतो, "अहो, तुमच्याकडे एवढं उकडतं कसं?"

आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवाच ३४ असेल तर अंगातली उष्णता नुसत्या हवेत जायची वाट जवळजवळ बंद झाली. उरला घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळायला हवा. हनुवटीवरून ठिबकला, सदऱ्यात मुरला, तो फुकट गेला. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता होती तिथेच राहिली. कोकणातल्या उन्हाळ्याचं सगळं दुखणं एवढंच आहे. त्यामुळे इथे उपाय सांगणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो: याने घाम वाळेल का?

ओल्या तापमापकाचा आकडा ३५ झाला तर सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो, असं २०१० साली शास्त्रज्ञांनी गणिताने मांडलं. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या, तेव्हा दमट हवेत शरीराचा उष्णतेचा तोल ओल्या तापमापकाच्या ३१च्या आसपासच बिघडायला लागला. आपला आजचा आकडा २८ आहे, आणि या सभागृहात तरुण किती आहेत ते मी मोजत नाही.

हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला किमान ४० अंश लागतात, किनाऱ्यावर ३७ पुरतात. अर्थात सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त हवेत. १६ एप्रिल २०२३ला खारघरला भर दुपारी उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं आली होती. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी ३८ अंशांची नोंद होती. उष्माघाताने १४ जण गेले. ३८ हा आकडा वर्तमानपत्रात वाचून कुणी छत्रीसुद्धा उचलत नाही.

आता वाऱ्याचं. शाळेत शिकलो ते खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसा समुद्रावरून येतो तो खारा वारा, तो आपला राखणदार. मार्चमध्ये कधीकधी पूर्वेकडून, देशावरून तापलेला वारा जोर करतो आणि खाऱ्या वाऱ्याला दुपार टळेपर्यंत आत येऊ देत नाही. त्या दिवशी पारा उसळतो. म्हणून आपल्याकडे मे महिन्यापेक्षा मार्चमध्ये कमाल तापमान वर गेलेलं दिसतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्रापासून आत असलेल्या रायगडातल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ला ४६.५ अंश नोंदले गेले होते. मे महिन्यात पारा उतरतो, पण दमटपणा चढतो आणि रात्रही सुटका करत नाही.

रात्रीचा विचार आपण फार कमी करतो. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवलं नाही, तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच कर्जात होते. आणि रात्र बिघडवली आपल्या घरांनी. जुन्या घराची जांभ्याच्या चिऱ्याची जाड भिंत होती, वर नळ्याची, पुढे मंगलोरी कौलं आली. कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जायची. मध्ये माळा, म्हणजे छपराची धग माजघरात उतरायची नाही. भिंतीवर थेट ऊन पडू नये म्हणून पडवी. खळ्यात झावळ्यांचा मांडव. मी काही जुन्याच्या प्रेमात पडलेला माणूस नाही. विंचू, वाळवी आणि दरवर्षीचं कौलं परतणं मीही भोगलंय. पण ते घर हवा हलती ठेवायचं, एवढं मान्य करा.

नव्या घराचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि अंथरुणं घालायच्या वेळेला ते आपल्या अंगावर सोडायला लागतो. त्यात सरकत्या काचेच्या खिडक्या. चार फुटांची खिडकी, पण उघडते दोनच फूट! कमरेइतक्या गडग्याच्या जागी डोक्याएवढी कंपाउंड वॉल आली, तिने उरलासुरला वारा अडवला. पावसासाठी स्लॅबवर पत्र्याची शेड टाकतात, ती खरं तर उत्तम गोष्ट आहे, स्लॅबला सावली मिळते. पण मग "जागा वाया कशाला?" म्हणून तिच्या चारी बाजू बंद करून अडगळ भरतात आणि घरावर भट्टी बसवतात. त्या बाजू मोकळ्या ठेवा. शेड नसेल तर स्लॅबला पांढरा चुना मारा, किंवा बांबूंवर झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, उचलून घाला. झापं आणि स्लॅब यांच्यामध्ये वीतभर हवा खेळली पाहिजे.

कूलर घेऊ नका. विदर्भात तो राजा आहे, इथे तो आधीच ओल्या हवेत आणखी पाणी मिसळतो. साधा पंखा मात्र आपल्याकडे खूप काम करतो. अंग ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली बसा. वय झालं की घामच कमी येतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी तर हे करावंच. एसी परवडत असेल तर जरूर लावा, त्यात कमीपणा नाही.

खाण्यापिण्यावर फार बोलत नाही, इथल्या बायका माझ्यापेक्षा जास्त जाणतात. सकाळची मीठ घातलेली पेज म्हणजे पाणी, मीठ आणि तांदळाचा स्टार्च. तांदळावर आधारलेली जलसंजीवनी डॉक्टरही देतात. कोकम सरबत चांगलं, मधुमेह्यांनी साखर आवरून. भरपूर घाम गाळून नुसतं पाणीच पाणी पिऊ नका, सोबत मीठ हवं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल त्यांनी ती परस्पर बंद न करता उन्हाळ्यापुरतं डॉक्टरांना विचारावं. आणि एक गोष्ट व्यासपीठावरून कुणी बोलत नाही. बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी बाई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण जायला धड जागा नाही. तिला "भरपूर पाणी प्या" असं पत्रक देऊन काय उपयोग? आधी स्वच्छतागृह बांधा.

बागायतदार मंडळी बसली आहेत, त्यांना थोडं टोचणार आहे. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, काढलेला हापूस तुम्ही क्षणभर उन्हात ठेवत नाही. लगेच सावलीत नेता, खाली गवत पसरता. झाडावरचा माणूस मात्र दुपारी एकला झाडावरच! त्यातले कित्येक नेपाळच्या डोंगरातून आलेले. उष्णतेला शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं, असा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. तुम्ही त्याला उतरल्या दिवशीच घमेलं देता. चिरेखाणीत तर सावलीचं झुडूपही नसतं. पहाटे पाचला सुरू करा, दहाला थांबवा, उरलेलं चारनंतर. मजुरी कापू नका, नाहीतर तो थांबणार नाही. मुंबईहून मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांनाही हेच लागू. वर्षभर एसीत बसून आल्या आल्या बागेला पाणी लावायला धावू नये.

मे महिन्यातली लग्नंही तशीच. साडेबाराचा मुहूर्त, मांडवाला तिन्ही बाजूंनी शोभेची कापडं, आत पाचशे माणसं, कोपऱ्यात शेगड्या. कापडं सोडा हो! फोटो थोडे साधे येतील.

आणि एखाद्याला ऊन लागलंच तर. डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे येतायत, पण नीट बोलतोय, तोवर सावली, वारा आणि मिठा-साखरेचं पाणी. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला की तो उष्माघात धरून चला. अंगाला घाम आहे म्हणून गाफील राहू नका. राबत्या माणसाला उष्माघातातही घाम असू शकतो. तापाची गोळी इथे लागू पडत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. एकाने १०८ला फोन करायचा, दुसऱ्याने कपडे सैल करून विहिरीचं गार पाणी अंगावर ओतायला सुरुवात करायची, तिसऱ्याने जे हाताला लागेल त्याने वारा घालायचा. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत आणि जांघेत. गाडी यायला आपल्या घाटीवळणांत वेळ लागतो. ती दारात येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही.