भरीव वाजणारी भिंत : कुनिओ माएकावा

नमस्कार श्रोतेहो.

बांधकामाच्या साइटवर माझी बत्तीस वर्षं गेली. मी वास्तुविशारद नाही. त्यांनी कागदावर काढलेलं उभं करून देणारा माणूस. त्यामुळे कुठलीही इमारत पाहिली की माझी नजर आधी वळचणीकडे जाते. पाणी कुठून उतरतं, काळे ओघळ कुठे आलेत, गिलावा कुठे फुगलाय. नव्या इमारतीचा फोटो सुंदरच येतो हो. पंधरा पावसाळे झाल्यावर तिच्याकडे बघवतं का, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न आयुष्यभर मनावर घेणारा एक जपानी वास्तुविशारद होऊन गेला, कुनिओ माएकावा. जपानची आधुनिक वास्तुकला म्हटलं की आपल्याकडे केन्झो टांगे आठवतात, तरुणांना तादाओ आंदो. माएकावांचं नाव निघतं ते ‘टांगे ज्यांच्या कार्यालयात उमेदवारीला होते ते’ एवढ्यापुरतं. आज जरा त्यांच्याबद्दलच बोलू.

त्यांचा जन्म १९०५ चा, निइगाताचा. १९२८ साली टोकियोच्या विद्यापीठाची पदवी हातात पडली आणि त्याच रात्री त्यांनी टोकियो सोडलं. सैबेरियातून जाणारी आगगाडी धरून थेट पॅरिस. तिथे मामा जपानच्या परराष्ट्र सेवेत होते, राहायची सोय झाली. आणि काम? ल कॉर्ब्युझिए, म्हणजे पुढे आपलं चंडीगड आखणारे वास्तुविशारद, यांच्या सेव्र रस्त्यावरच्या कार्यालयात. याच कार्यालयात १९५१ साली आपल्या पुण्यात जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी दाखल झाले. म्हणजे गुरू एकच, मध्ये वीस-बावीस वर्षं आणि एक महायुद्ध.

दोन वर्षांनी माएकावा परत आले. टोकियोत अँटोनिन रेमंड नावाचे मूळ चेक वास्तुविशारद काम करत होते, त्यांच्याकडे पाच वर्षं काढली. पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातली ‘गोलकोंड’ ही इमारत पाहिली असेल, ती याच रेमंड यांची. १९३५ मध्ये माएकावांनी स्वतःचं कार्यालय थाटलं.

पण त्यांची पहिली इमारत त्याआधीची, १९३२ ची. हिरोसाकी या उत्तरेकडच्या गावातली एक संशोधन संस्था. हिरोसाकी आईचं माहेर. इमारत पांढरीशुभ्र, सपाट छपराची, पॅरिसहून उचलून आणल्यासारखी. आता हिरोसाकी म्हणजे बर्फाचं गाव. तिथे सपाट छप्पर! मी साइटवर असतो तर हात जोडून विचारलं असतं, साहेब, बर्फ साचला की काय करायचं? पुढे माएकावांना स्वतःलाच हे उमगलं असावं. १९५८ साली त्याच गावाची नगरपालिका त्यांनी बांधली, तिला मजल्यामजल्याला भिंतीबाहेर भरपूर पुढे आलेली काँक्रीटची छज्जी आहेत. सव्वीस वर्षांत एक माणूस काय शिकला ते एका गावात दोन ठिकाणी उभं राहून दिसतं.

आता टोकियोतल्या उएनो बागेत येऊ, कारण त्यांची गोष्ट पुन्हापुन्हा तिथेच येते. १९३१ साली तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी खुली स्पर्धा लागली. अट अशी, की इमारत जपानी अभिरुचीची, पौर्वात्य शैलीची हवी. म्हणजे अंगाने काँक्रीट आणि डोक्यावर देवळाचं कौलारू छप्पर. सव्वीस वर्षांच्या माएकावांनी अट वाचली आणि जाणूनबुजून सपाट छपराचा आधुनिक आराखडा पाठवला. अर्थातच हरले. जपानीत एक म्हण आहे, जिंकला तो सरकारी फौजेचा, हरला तो बंडखोर. या म्हणीचा दुसरा अर्धा भाग मथळ्याला घेऊन त्यांनी एक जळजळीत लेख लिहिला. जिंकलेली इमारत तिथे आजही आहे, कौलारू टोपी घातलेली.

म्हणून त्यांना निष्कलंक वीर करायची घाई मात्र नको. युद्धकाळात त्यांनी शांघायला शाखा काढली, जपानी साम्राज्य जिथे पसरत होतं तिथली कामं घेतली. आणि १९४३ साली बँकॉकमधल्या जपान-थाई सांस्कृतिक भवनाच्या स्पर्धेला त्यांनी चक्क उतरत्या छपरांचा, पारंपरिक वळणाचा आराखडा पाठवला. त्यांचा नंबर दुसरा आला. पहिला कोण? टांगे, त्यांच्याच हाताखालून गेलेले! बारा वर्षांपूर्वीचा बंडखोर कुठे गेला, असं कुणी विचारलं तर त्याला सोपं उत्तर नाही. मला तरी देता येत नाही.

त्याच काळातलं त्यांचं स्वतःचं घर आहे, १९४२ चं. लोखंड नाही, सिमेंट नाही, आणि घर शंभर चौरस मीटरपेक्षा मोठं बांधायला सरकारी बंदी. म्हणून घर लाकडी, दोन बाजूंना उतरत्या छपराचं, शेतकऱ्याच्या घरासारखं. आत शिरल्यावर मात्र कळतं की हा पॅरिसला जाऊन आलेला माणूस आहे. मधोमध दोन मजले उंचीचा दिवाणखाना, दक्षिणेला भिंतभर खिडक्या, त्यातून येणारं ऊन. दोन अंगांना लहान खोल्या. बंदीतूनही जागा मोठी वाटायला लावण्याची ही हातोटी. १९४५ च्या मे महिन्यात बॉम्बफेकीत त्यांचं टोकियोच्या गिंझा भागातलं कार्यालय जळालं, आणि हाच दिवाणखाना कार्यालय झाला. १९५४ पर्यंत तिथे ड्रॉइंगबोर्ड मांडलेले होते आणि नवराबायकोचा संसार आतल्या खोलीत. १९७३ साली ते घर खांबखांब सोडवून कारुइझावाला नेऊन ठेवलं. तिथे ते वीस वर्षांहून अधिक काळ पडून होतं. आता टोकियोजवळच्या खुल्या वास्तुसंग्रहालयात ते पुन्हा उभं आहे.

युद्धानंतर बेघर देशासाठी त्यांनी कारखान्यात तयार होणारी लाकडी घरं बनवली, सुमारे हजार. त्यांतली बरीच कोळसा खाणींच्या वस्त्यांकडे गेली. धंदा म्हणून ते चाललं नाही. १९५८ साली टोकियोत हारुमीला त्यांनी दहा मजली चाळवजा इमारत बांधली. तिची लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यालाच थांबायची, बाकीच्यांनी एक जिना चढायचा किंवा उतरायचा. यावर आपल्या सोसायटीच्या सभेत काय झालं असतं ते सांगायला नको. १९९७ मध्ये ती पाडली.

आणि मग पुन्हा उएनो. ल कॉर्ब्युझिए यांचं जपानमधलं एकमेव काम, पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय, १९५९ साली तिथे पुरं झालं. त्यांनीच केलेल्या चंडीगड आणि अहमदाबादच्या संग्रहालयांचं हे सख्खं भावंड. गुरू जपानला आले एकदाच. हाती पडले ते मोजके नकाशे. त्यातून इमारत उभी केली तीन जपानी शिष्यांनी, त्यांतले एक माएकावा. साइटवरच्या माणसाला विचारा, मोजक्या नकाशांवरून काम करणं म्हणजे काय असतं! १९६१ साली बरोबर समोर माएकावांचं स्वतःचं सभागृह उभं राहिलं, टोकियो बुंका काइकान. २३०३ आसनं. वरची काँक्रीटची कड होडीच्या काठासारखी वर वळलेली. आतल्या प्रशस्त दालनात फरशी गळालेल्या पानांच्या रंगांची आणि छतात दिवे असे विखुरलेले, की रात्री झाडाखाली उभं राहिल्यासारखं वाटावं. मोठ्या सभागृहाच्या भिंतींवर आवाज विखुरण्यासाठी शिल्पकार र्‍योकिची मुकाई यांनी कोरलेले लाकडी ढग आहेत. आणि रंगमंचामागच्या भिंतींवर जगभरच्या वादक-नर्तकांच्या सह्या. भिंत कशासाठी असते, याचं हे एक उत्तर मला फार आवडतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. उघडं काँक्रीट देखणं दिसतं, पण पाऊस त्याला सोडत नाही. डाग पडतात, भेगांतून पाणी शिरतं, आत सळी गंजते. माएकावांनी आपल्याच इमारती म्हाताऱ्या होताना पाहिल्या आणि साठच्या दशकापासून मार्ग बदलला. आपल्याकडे टाइल कशी लावतात? भिंत आधी होते, मग माल थापून टाइल चिकटवतात. चार पावसाळ्यांनी टाइल फुगते, टिचकी मारली की पोकळ वाजते आणि एक दिवस खाली येते. त्यांनी क्रमच उलटा केला. सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांना आतून आधी टाइल बसवायच्या, सळ्या बांधायच्या आणि मग काँक्रीट ओतायचं. टाइल आणि भिंत एकजीव. अडचण एवढीच, की समोरासमोरच्या फळ्या धरून ठेवणारे लोखंडी टाय टाइलमधूनच न्यावे लागतात. म्हणून टाइलला भोक. ते भोक त्यांनी बुजवून लपवलं नाही, तसंच दिसू दिलं.

१९७४ साली टोकियोत सम्राटाच्या राजवाड्याच्या खंदकासमोर त्यांचा लालसर टाइलांचा उंच मनोरा झाला, एका विमा कंपनीचा. राजवाड्यासमोर एवढं उंच बांधायचं का, यावरून वर्षानुवर्षं वाद पेटला होता. मूळ बेत तीस मजल्यांचा, शेवटी पंचवीस मजले आणि उंची शंभर मीटरच्या आत. पन्नास वर्षं व्हायच्या आतच तो पाडायला घेतला, त्या जागी इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांचा नवा मनोरा येतोय. पावसानं काही केलं नव्हतं हो त्याला.

माएकावा १९८६ साली गेले. उएनोत त्यांचं आणखी एक काम आहे, १९७५ चं महानगर कला संग्रहालय, तरुणपणी हरले होते त्या संग्रहालयापासून चालत काही मिनिटांवर. बागेत उंच बांधायला मनाई, म्हणून बराचसा भाग जमिनीखाली. काँक्रीटवर टाकीचे घाव, आणि बाहेर त्याच तपकिरी, भोकांच्या टाइला. मी गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. लोक आत चित्रं बघायला चालले होते आणि मी बाहेर भिंतीशी. ओघळ शोधले, फारसे सापडले नाहीत. मग सवयीनं बोटाच्या पेरानं टाइल वाजवायला लागलो. एक, दोन, पाच, दहा. दारावरचा पहारेकरी माझ्याकडे बघत राहिला. सगळ्या भरीव वाजल्या.