भट्टीच्या चालीने

(दृश्य: फळीवर रांगेत उलटे ठेवलेले ओले मग. बाहेर पाऊस.)

कॅफेवाला फोनवर विचारतो, "200 मग, तीन आठवड्यांत मिळतील?" चाकावर सरावलेला हात दिवसाला 40 मग सहज उतरवतो, त्यामुळे छोट्या पॉटरी स्टुडिओच्या मालकाच्या तोंडून "हो" पटकन निघतं. तिथेच फसगत होते. मग घडवायला काही मिनिटं लागतात, वेळ खातं ते वाळणं.

एका मगाला साधारण 400 ग्रॅम मळलेली माती लागते. दुसऱ्या दिवशी मग इतपत घट्ट होतो की दाबला तर वाकत नाही, पण नख उमटतं. तेव्हाच त्याची बैठक खरवडायची आणि कान जोडायचा. कान बारीक, अंग जाड. उघड्यावर ठेवला तर कान आधी वाळतो, आधी आकसतो आणि जोडावर तडा जातो. म्हणून अख्खी फळी दोन दिवस प्लास्टिकखाली झाकायची, नंतर प्लास्टिक हळूहळू सैल करायचं. कोरड्या हवेत आठवडा पुरतो, जुलैत पंधरवडाही कमी पडतो. पंखा लावला तर एकच बाजू वाळते आणि मगाचं तोंड वाकडं होतं. पावसाळ्यात कुंभाराचं चाक थंडावायचं, ते उगाच नाही.

(दृश्य: मग गालाला लावून पाहणारा हात.)

मग गालाला गार लागला, तर आत अजून ओल आहे. तसाच भट्टीत गेला तर पाण्याची वाफ होऊन तो फुटतो आणि तुकडे शेजारच्यांवर उडतात. म्हणून पहिले काही तास भट्टी 100 अंशांच्या खालीच ठेवायची. पुढे 573 अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं. निवताना त्याच टप्प्यावर ते आकसतं. हा टप्पा जाताना आणि येताना, दोन्ही वेळा सावकाश ओलांडायचा. 700 ते 900 अंशांच्या दरम्यान मातीतला सेंद्रिय अंश जळून जायला हवा. इथे घाई केली, तर दुसऱ्या भाजणीत ग्लेझवर, म्हणजे मगावरच्या काचेसारख्या लेपावर, फोड आणि टाचणीएवढी भोकं दिसतात. मालक मात्र ग्लेझला शिव्या घालत बसतो!

पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, 1000 अंशांपर्यंत. तिथे मग एकमेकांना टेकले तरी चालतात. ग्लेझची भाजणी स्टोनवेअरला, म्हणजे भाजून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या मातीला, 1220 ते 1240 अंशांची, आणि तिथे प्रत्येक मग सुटा मांडावा लागतो, नाहीतर दोन मग कायमचे चिकटतात. त्यामुळे स्टुडिओची चाल ठरते ती ग्लेझच्या भट्टीत किती मग बसतात यावर.

समजा, 40 बसतात. आठवड्याला एक बिस्क, एक ग्लेझ. महिन्यात ग्लेझच्या चार भाजण्या झाल्या, तरी त्यातली एक नव्या ग्लेझच्या चाचण्यांसाठी राखायची. उरले 120. फुटतूट आणि वाकडे नग 15 टक्के धरले, की विकण्याजोगे राहतात शंभरेक. इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या निवांत स्टुडिओमागे बहुतेक वेळा एवढाच हिशोब असतो.

म्हणून कॅफेवाल्याला द्यायचं उत्तर: पहिले 100 सहा आठवड्यांनी, पावसाळा असेल तर आठ, उरलेले त्यानंतर महिन्याने, निम्मे पैसे आगाऊ. नमुन्याचा एक मग आधी मंजूर करून घ्यायचा, उंचीसकट. 12 टक्के आकसणारी माती असेल, तर 10 सेंटिमीटरच्या मगासाठी ओला मग 11.4 सेंटिमीटरचा घडवावा लागतो. दिवाळीच्या ऑर्डरी गणपतीपर्यंतच घ्यायच्या. त्यानंतर येणाऱ्याला तयार असेल तो माल दाखवायचा, आणि तोही नसेल तर सरळ नाही म्हणायचं.

(दृश्य: बंद भट्टी. आकडा उतरतो आहे: 214... 213...)

सगळ्यात अवघड आहे ते भट्टी निवण्याची वाट पाहणं. 200 अंशांना दार उघडलं, तर गार हवेच्या धक्क्याने ग्लेझला केसासारख्या रेषा जातात, कधी अख्खा मगच उभा चिरतो. आकडा 100 च्या खाली येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. तोवर खोकी जोडायची, बिलं लिहायची, उद्याची माती मळायची.