गडचिरोली : दवाखाना किती लांब?

(दृश्य : आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा जंगलातला रस्ता. पाऊस.)

नकाशावर गडचिरोली शहर ते भामरागड हे अंतर जवळपास पावणेदोनशे किलोमीटर आहे. पण पावसाळ्यात इथं कुणी किलोमीटर मोजत नाही. विचारतात ते एवढंच, की पर्लकोटेला पाणी किती आहे. भामरागडला खेटून वाहणाऱ्या या नदीवरचा ठेंगणा पूल वर्षानुवर्षं पुरात बुडत आला. २०१९ च्या पावसाळ्यात तर तो पुन्हा पुन्हा बुडाला. आणि ही गत तालुक्याच्या गावाची. आतल्या टोल्यांचे, म्हणजे वाड्यावस्त्यांचे, नाले वेगळे, त्यांचं पाणी वेगळं.

(दृश्य : नाल्याकाठी थांबलेली माणसं. खांद्यावर घेतलेली खाट.)

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पावणेअकरा लाखांच्या आसपास. बहुतेक भाग जंगलाचा. रेल्वे उत्तरेच्या टोकाला वडशाला शिवून जाते, तेवढीच.

डोंगराळ आणि आदिवासी भागांत तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. मैदानी भागापेक्षा तो उदार आहे. तरी तो माणसं मोजतो, वाट मोजत नाही. वीस हजार माणसं इथं किती टेकड्यांवर पसरलेली असतात, हे त्या आकड्यात कुठंच दिसत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावायचा तर आधी मोबाइलला रेंज हवी. गाडी आलीच तर पक्क्या रस्त्यापर्यंत. तिथवर पेशंट आणायचा तो खाटेवर किंवा कावडीतून.

(दृश्य : शोधग्राम. झाडीतल्या बैठ्या खोल्या, बाहेर चुलीवर स्वयंपाक करणारे नातेवाईक.)

बरं, दवाखाना जवळ असला म्हणजे माणूस जातोच, असंही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८० च्या दशकाच्या मध्यावर इथं आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी गोंड लोकांनाच विचारलं, तुम्ही इस्पितळात का जात नाही? उत्तरं ऐकण्यासारखी होती. इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यातली माणसं प्रेताच्या कफनाची आठवण करून देतात. पेशंटला एकट्याला आत ठेवतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. मग चातगावजवळ शोधग्रामात खेड्यासारखा दवाखाना उभा राहिला. घरच्यांनी पेशंटसोबत राहायचं, आणि नाव देवीचं : मां दंतेश्वरी दवाखाना.

तरीही एक पेशंट तिथवर पोचत नव्हता. नुकतं जन्मलेलं बाळ.

(दृश्य : झोळीच्या वजनकाट्यावर बाळाचं वजन घेणारी बाई.)

नव्वदच्या दशकात इथली बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. जंतुसंसर्ग झालेलं नवजात बाळ काही तासांत हातचं जातं. त्याला घेऊन नाला ओलांडायचा कधी? आणि बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही, ही रीतही आडवी. म्हणून बंगांनी गणित उलटं मांडलं. बाळ दवाखान्यात जात नसेल, तर उपचारांनीच घरात जावं. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं गेलं. जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची, संसर्गाची लक्षणं कोणती, हे त्या शिकल्या. आणि संसर्ग दिसला तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायलाही.

हा मुद्दा आजही अनेक डॉक्टरांना खटकतो. पण १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले आकडे असे आहेत : या गावांत नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला.

(दृश्य : लाकडी पट्टीवरचे मणी आणि वाळूचं घड्याळ.)

श्वास मोजण्याचं हे साधन जरा जवळून बघा. ज्या सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी ते केलं. वाळूचं घड्याळ एका मिनिटाचं. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ श्वास, मोठं असेल तर पन्नास, म्हणून मण्यांच्या ओळी दोन.

२०११ मध्ये घरोघरच्या नवजात बालसेवेचा हा कार्यक्रम देशभर लागू झाला आणि तो ‘आशा’ ताईंवर आला. इंजेक्शन मात्र त्यांच्या हाती दिलं गेलं नाही. बेचाळीस दिवसांत दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर मिळतात २५० रुपये. म्हणजे एका फेरीला चाळीसच्या आसपास. नाला, चिखल आणि अस्वलाची भीती त्यातच आली. कागदोपत्री आशा ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. हे नाव कुणी ठेवलं असेल ते असो, त्यानं सरकारचे पैसे बरेच वाचले. मलेरियाची चाचणीसुद्धा तीच करते, आणि महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा बोजा असलेल्या जिल्ह्यांत हा जिल्हा आहे.

(दृश्य : आरोग्य केंद्राच्या आवारातलं ‘माहेरघर’.)

बाळंतपणासाठी राज्य सरकारनं आदिवासी भागात ‘माहेरघर’ सुरू केलं. दिवस भरत आलेल्या बाईनं आधीच आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहायचं, म्हणजे ऐन वेळी पूर आडवा येत नाही. कल्पना चांगलीच आहे. पण धानाची रोवणी नेमकी पावसाळ्यातच येते, आणि घरी दोन लहान पोरं असतात.

(दृश्य : पडवीत बसलेले आजोबा. ताई त्यांचा रक्तदाब मोजते आहे.)

आता नवं दुखणं आलं आहे. ‘सर्च’च्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या क्रमांकावर निघाला पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन. भामरागडच्या आतल्या टोल्यावरून साडेचार तासांत स्कॅनपर्यंत पोचणं सुक्या दिवसांतही कठीण.

हे यंत्र काही झोळीत घालून घरी नेता येत नाही. इथं उपाय झटका येण्याआधीचाच : रक्तदाब वेळेत सापडणं आणि रोजची गोळी न चुकणं. त्यासाठी जूनच्या आधी चार महिन्यांच्या गोळ्या टोल्यावर पोचायला हव्यात, आणि त्या घेतल्या की नाही हे दर आठवड्याला विचारणारं कुणी गावात हवं. ते काम कुणाच्या वाट्याला येणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे पैसे किती, हे अजून मुंबई-दिल्लीत ठरायचं आहे.