खालचं टोक

पडद्यावर दिसताहेत ते हात माझे. तळव्यावरचा काळा पट्टा अॅल्युमिनियमचा आहे. बिले डिव्हाइस म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून अडवून धरायचं साधन. त्यातून दोर सरकतो तेव्हा त्याला ही काजळी लागते, आणि दोराची हाताला. साबणानेही ती चटकन जात नाही. या वर्षी तर ती पुरती गेलीच नाही.

वर्षभराच्या चित्रीकरणात मी फारशी दिसणार नाही. कॅमेरा चढणाऱ्याकडे असतो. मी बहुतेक वेळा दोराच्या खालच्या टोकाला होते.

जानेवारी. लिंगाण्याचा सुळका. मोहरी गावातून पहाटे तीनला निघालो. बोराट्याची नाळ उतरताना टॉर्चच्या उजेडात पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसतात, आणि पायाखाली डगडगणारे धोंडे. खिंडीत पोचून हार्नेस, म्हणजे दोर बांधायचे कमरपट्टे, चढवले, आठाच्या गाठी एकमेकांच्या तपासल्या. दादा लीडला, म्हणजे पुढे चढणारा. मी बिलेला, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळणारी.

‘बिले ऑन?’

‘ऑन!’

मग पाऊण तास दादा मला दिसलाच नाही. कातळाच्या फुगवट्याआड गेला. उरला तो हातातला दोर. दोर हळूहळू सरकतोय, म्हणजे तो चालतोय. थांबला, म्हणजे होल्ड, धरायला जागा, शोधतोय. एकदम दोन हात दोर ओढला गेला, की कातळात ठोकलेल्या पुढच्या बोल्टला दोर अडकवतोय, क्लिप करतोय. आणि वर गेलेला दोर ढिला पडून परत येऊ लागला, की समजायचं, वाट जमली नाही, तो खाली येतोय. माणसाला इतकं लक्ष देऊन मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

वर कातळात कोरलेली गुहा आहे, पाण्याची टाकी आहेत. शिवकाळात इथे कैदी ठेवत. माथ्यावरून पश्चिमेला अख्खा रायगड समोर येतो. तिथे पोचल्यावर आम्ही कुणीच बराच वेळ बोललो नाही.

फेब्रुवारीत मदनगड. अलंग, मदन, कुलंग या तीन किल्ल्यांतला मधला. इंग्रजांनी १८१८ मध्ये इथल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, म्हणून तेवढ्या टप्प्यावर आजही दोर लागतो. सह्याद्रीचा हा कातळ बेसॉल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. लांबून अभेद्य वाटतो, पण ऊन-पावसाने जागोजागी सुटलेला असतो. म्हणून हात टाकण्याआधी बोटाच्या पेरांनी टकटक करायची, दारावर करतो तशी. आवाज भरीव आला तर वजन द्यायचं. पोकळ आला तर तो दगड तिथेच राहू द्यायचा.

दादाने टकटक केली होती. आवाज भरीव होता. तरी पाय ठेवताच तुकडा निसटला.

‘दगड!’

दगड माझ्या डावीकडून गेला. पाठोपाठ दादा दहा-बारा फूट खाली आला आणि दोर ताणला. त्या हिसक्याने मी जमिनीवरून उचलले गेले, कातळावर आपटले. डावं कोपर सोलून निघालं. उजवा हात दोरावरून हलला नाही. या वर्षातलं मला सगळ्यात मोलाचं काही असेल, तर तो हात तिथे राहिला हे आहे. मदनचा माथा त्या दिवशी राहिला. आम्ही उतरलो, आंबेवाडीत चहा घेतला. कप धरताना दोघांचेही हात थरथरत होते.

मार्चनंतर कातळ तापतो. पुढे पाऊस, शेवाळ. दोर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवला, पिशवीत भरला.

पाऊस सरल्यावर आई म्हणाली, ‘मला कळसूबाईला ने.’ १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. आई बासष्ट वर्षांची. बारी गावातून निघालो. लोखंडी शिडीपाशी तिने पदर खोचला, वर बघितलं आणि मला म्हणाली, ‘पुढे जाऊ नकोस. माझ्या मागे राहा.’ मग प्रत्येक पायरीला तिची टाच माझ्या डोळ्यांसमोर, भेगाळलेली, एका पैंजणाची. मी दोन्ही हात शिडीला धरून तिच्या खाली. देवळापाशी तिने बाईची ओटी भरली आणि माझ्याही कपाळाला कुंकू लावलं.

डिसेंबर. जीवधनशेजारचा वानरलिंगी, सुमारे ३५० फुटांचा सुळका. खालचे टप्पे दादाने लीड केले. शेवटच्या टप्प्यापाशी त्याने दोराचं वरचं टोक माझ्याकडे दिलं. माझी गाठ त्याने दोनदा तपासली.

‘बिले ऑन?’ या वेळी विचारणारी मी होते.

‘ऑन.’

पहिल्या बोल्टपर्यंत घसा कोरडा. दुसऱ्यानंतर श्वास जरा रांगेला लागला. कोकणातून वर येणारा वारा कानात इतका घोंघावत होता की काहीच ऐकू येत नव्हतं. पण क्लिप करायला दोर ओढला की तो लगेच मिळायचा, हवा तेवढाच. ना ताण, ना झोळ. खाली दादा मला ऐकत होता.

माथ्याच्या थोडं अलीकडे त्याचा आवाज आला, अर्धा वाऱ्याने नेलेला.

‘पंधरा फूट दोर उरला!’

डोक्यावर एकच होल्ड होता. मी टकटक केली.

भरीव.