झाड चावलेल्या मांजर-कुत्र्याची उलटी थांबली म्हणजे सुटलं का?

[दृश्य: मनी प्लांटची वेल, पानाशी खेळणारं मांजर]

मनी प्लांट किंवा डिफेनबेकिया या शोभेच्या झाडाचं पान चावलं की मांजराला लगेच कळतं. पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जिभेत, हिरड्यांत रुततात. लाळ गळते, पंजाने तोंड चोळणं सुरू होतं. बघवत नाही, पण या आगीमुळेच ते दुसरा घास घेत नाही. तोंड पाण्याने धुतल्यावर बहुतेक वेळा निभावतं; घसा सुजून श्वास अडखळला तर मात्र दवाखाना.

खरी भीती गप्प बसणाऱ्या झाडांची.

[दृश्य: फुलदाणीतली लिली, परागकण अगदी जवळून]

सहा पाकळ्या, मधोमध परागांनी लडबडलेले सहा पुंकेसर. या लिलीचं पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. केसांवर सांडलेले पराग चाटले तरी पुरे. काही तासांत उलट्या होतात, मग थांबतात, आणि घरातले निर्धास्त होतात. आत मूत्रपिंडाच्या पेशी मरतच असतात. एक ते तीन दिवसांत लघवी घटते, बंद पडते. खाल्ल्यापासून 18 तासांच्या आत शिरेतून सलाइन लागलं तर वाचण्याची आशा चांगली. ते किमान 48 तास चालू ठेवावं लागतं. डे लिली तितकीच घातक. पीस लिली आणि कॅला लिली नुसत्या नावाच्या लिली, त्यांचा त्रास मनी प्लांटसारखा.

[दृश्य: सायकसच्या शेंदरी बिया]

कुत्र्यांचा वैरी सायकस, म्हणजेच सागो पाम. झाड सगळंच विषारी, पण मादी झाडाच्या बियांत विष सर्वाधिक, एक-दोन बियाही जिवावर बेततात. त्यातलं सायकॅसिन हे विष यकृतावर घाला घालतं. इथेही आधी उलट्या, कावीळ दिसते ती दोन-तीन दिवसांनी.

कण्हेरीची पानं वाळली तरी विष टिकतं. ते हृदयावर जातं, ठोके मंदावतात, चुकतात. म्हणून छाटलेल्या फांद्यांचा ढीग अंगणात पडू देऊ नये.

[दृश्य: पिशवीत ठेवलेली चावलेली फांदी, भिंतीवरचं घड्याळ]

संशय आला तर तोंडातले तुकडे काढा, केसांवरचे पराग ओल्या फडक्याने टिपा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका: रक्तात सोडियम वाढून झटके येतात. उलटी काढायची की नाही, विष शोषणाऱ्या औषधी कोळशाची मात्रा द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. त्यांना हवं असतं जनावराचं वजन, खाल्ल्याची वेळ आणि झाडाचा तुकडा. लिली असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघा, मांजर खेळत असलं तरी.